थ्रीडी प्रिंटेड पॅनेलने आवाज फोकस करून मोठा करता येतो का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: २० सेंटीमीटर बेडचा थ्रीडी प्रिंटर आहे, अकूस्टिक मेटासरफेसचे (बारीक खाचांनी आवाजाची लाट हवी तशी वळवणाऱ्या सपाट पॅनेलचे) व्हिडिओ बघितलेत, तर साधारण १५ सेंटीमीटरचं सपाट पॅनेल प्रिंट करून लांबचा आवाज (माणसांचं बोलणं, पक्षी वगैरे) एका जागी आणून ३० डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं एकक) वाढवता येईल का, त्यापेक्षा साधी डिश बरी का, असाच गोंगाट गोळा करून वीज काढता येईल का आणि हे सगळं पाण्याखाली चालतं का.

आधी सरळ उत्तर देतो. बोलण्यासाठी नाही चालणार. पक्ष्यांसाठी डिश घ्या. ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंडला तेच १५ सेंटीमीटरचं पॅनेल मस्त चालेल. वीज विसरा. पाण्यात चालतं पण नियम बदलतात. आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण "का" कळलं की पुढच्या वेळी व्हिडिओ बघताना तुम्हालाच दोन मिनिटांत कळेल की समोरचा खरं दाखवतोय की हातचलाखी करतोय.

सगळ्यात मोठा घोळ "अँप्लिफाय" ह्या शब्दाने होतो. अँप्लिफायर बाहेरून ऊर्जा घालतो, त्याला बॅटरी किंवा प्लग लागतो. पॅनेल, डिश, लेन्स हे सगळे नुसते सरफेस आहेत, ते स्वतःची एक कणही ऊर्जा घालत नाहीत. नरसाळं जसं पाऊस वाढवत नाही, फक्त मोठ्या तोंडावर पडलेलं पाणी बारीक धारेत आणतं, तसं. म्हणजे फोकसवर जे काही जास्त ऐकू येणार ते पॅनेलवर येऊन पडलेल्या आवाजातूनच येणार, आणि त्याच वेळी आजूबाजूच्या जागेत आवाज कमी होणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच की तोंड केवढं मोठं आहे. दुसरा प्रश्न ह्याहून महत्त्वाचा, आणि तो व्हिडिओवाले सांगत नाहीत: ते तोंड वेव्हलेंग्थच्या (लाटेच्या एका चढापासून पुढच्या चढापर्यंतच्या अंतराच्या) तुलनेत केवढं आहे.

आवाजाची वेव्हलेंग्थ लोकांना कायम छोटी वाटते. हवेत २० अंशाला आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे १०० हर्ट्झची वेव्हलेंग्थ जवळपास साडेतीन मीटर, १ किलोहर्ट्झची ३४ सेंटीमीटर, १० किलोहर्ट्झची साडेतीन सेंटीमीटर आणि ४० किलोहर्ट्झची ८.६ मिलिमीटर. आता लक्षात घ्या, कुठलाही सरफेस असो, कितीही हुशारीने डिझाइन केलेला असो, लांबून येणारी लाट तो साधारण एका वेव्हलेंग्थपेक्षा फार बारीक जागेत गोळा करू शकत नाही, आणि तेही फोकल लेंग्थ, म्हणजे सरफेसपासून फोकसपर्यंतचं अंतर, व्यासापेक्षा कमी ठेवली तर. मग १५ सेंटीमीटरचं पॅनेल १ किलोहर्ट्झला करणार काय, ते अख्खं पॅनेलच अर्ध्या वेव्हलेंग्थपेक्षा लहान आहे. लाटेला ते दिसतसुद्धा नाही धड, वळसा घालून निघून जाते.

अंदाज बांधायला एक सोपं सूत्र वापरतो आम्ही: पॅनेलचं क्षेत्रफळ घ्या, त्याला वेव्हलेंग्थ गुणिले फोकल लेंग्थने भागा, जो आकडा येईल तितके पट फोकसवरचं प्रेशर. खूप खोल डिशला हे थोडं जास्तच उत्तर देतं पण अंदाजाला उत्तम. तुमचं पॅनेल, व्यास १५ सेंटीमीटर, फोकल लेंग्थ १० सेंटीमीटर. ४० किलोहर्ट्झला २० पटीच्या वर जातं, म्हणजे २६ डीबी. १० किलोहर्ट्झला पाचेक पट, १४ डीबी. १ किलोहर्ट्झला उत्तर येतं अर्धा, म्हणजे एकाहूनही कमी, म्हणजे सूत्रच सांगतंय की बाबा इथे फोकस नावाची गोष्टच नाही. उलटं करून बघा, १ किलोहर्ट्झला ३० डीबी पाहिजे आणि फोकल लेंग्थ १ मीटर धरली तर व्यास येतो पावणेचार मीटरच्या आसपास. हे वाचून बरेच जण नाराज होतात पण ह्यात मेटासरफेस, थ्रीडी प्रिंट, एआय डिझाइन, काहीही आणलं तरी आकडा हलत नाही, कारण हा मटेरियलचा प्रश्नच नाहीये.

म्हणूनच इंग्लंडच्या किनाऱ्यावर केंटमध्ये डेंज नावाच्या ठिकाणी १९२८ ते १९३० दरम्यान काँक्रीटचे जे साउंड मिरर बांधले ते बघण्यासारखे आहेत (फोटो शोधा, अजून उभे आहेत). येणाऱ्या विमानांचा आवाज लांबून पकडायचा होता, काम विल्यम टकर ह्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. एक मिरर २० फुटी, एक ३० फुटी आणि तिसरी २०० फूट लांबीची वक्र भिंत. भिंत एवढी अवाढव्य का, तर विमानाच्या इंजिनाचा आवाज जाडसर, वेव्हलेंग्थ काही मीटरची, तिला गोळा करायला तेवढंच तोंड लागतं. आणखी एक गंमत म्हणजे ते आकार पॅराबोलाचे नाहीत, गोलाचे आहेत. पॅराबोला समोरून सरळ आलेल्या आवाजाला झकास फोकस करतो पण जरा तिरका आला की बिघडतो, गोल मात्र सगळ्या दिशांना सारखाच थोडासा वाईट, त्यामुळे आरसा जागेवर ठेवून नुसता मायक्रोफोन सरकवत आवाज कुठून येतोय ते शोधता येत होतं. डिझाइनमध्ये कशासाठी काय सोडायचं ह्याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडतं. पुढे रडार आलं आणि ते सगळं एका झटक्यात निकामी झालं, ती गोष्ट वेगळी.

आता डिश. पक्ष्यांच्या रेकॉर्डिंगला साधारण ६० सेंटीमीटरची पॅराबोलिक डिश वापरतात, फोकल लेंग्थ २० सेंटीमीटर धरली तर ३.४ किलोहर्ट्झला २० डीबीच्या आसपास मिळतात, म्हणजे भरपूर. पण तीच डिश ३४० हर्ट्झला जेमतेम एक-दोन डीबी देते. दर ऑक्टेव्हला ६ डीबी असा चढ असतो, फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की गेन (प्रेशर जितके पट वाढतं तो आकडा) दुप्पट. त्यामुळे डिशमधून ऐकलेलं बोलणं पातळ, टिनच्या डब्यासारखं येतं, खालचा भाग वाढतच नाही. पक्ष्यांची शीळ २ किलोहर्ट्झच्या वर असते बहुतेक, म्हणून तिथे डिश शोभते. हे नंतर इक्वलायझरने सरळ करता येतं पण मग खालचा वारा-गाड्यांचा आवाजही त्याबरोबर वर येतो.

डिशचा एक मोठा गुण मात्र कोणी बोलून दाखवत नाही. पॅराबोलाच्या कुठल्याही भागावर आदळलेली लाट फोकसपर्यंत सारखंच अंतर चालून येते. अंतर सारखं म्हणजे वेळ सारखा, आणि वेळ सारखा असला की फ्रिक्वेन्सी कोणतीही असो सगळ्या एकाच बिंदूवर, एकाच क्षणी जुळतात. टाळी वाजवली तर फोकसवर टाळीच ऐकू येते. हे मेटासरफेसला सहसा जमत नाही, आणि का जमत नाही ते कळण्यासाठी मेटासरफेस म्हणजे मुळात काय ते बघावं लागेल.

एक खोलगट डिश डोळ्यासमोर आणा. ती जाड आहे, सपाट करायचीय. आवाज डिशच्या खोल भागात जातो आणि परत येतो, म्हणजे खोली दोनदा मोजली जाते. आता एखाद्या ठिकाणची खोली बरोबर अर्ध्या वेव्हलेंग्थने कमी केली तर जाण्या-येण्यात मिळून एक पूर्ण वेव्हलेंग्थ कमी होते, आणि एकाच सुराच्या अखंड लाटेला एक पूर्ण वेव्हलेंग्थ मागे-पुढे झाल्याचा काही फरकच पडत नाही, तिचा चढ चढावर आणि उतार उतारावरच येतो. मग करायचं एवढंच की डिशची खोली जिथे जिथे अर्ध्या वेव्हलेंग्थपेक्षा जास्त होते तिथे तिथे तेवढी वजा करत जायचं. हातात उरतं ते एक सपाट, कड्याकड्यांचं पॅनेल ज्याची जास्तीत जास्त खोली अर्धी वेव्हलेंग्थ. ४० किलोहर्ट्झला ४.३ मिलिमीटर. हाच झाला रिफ्लेक्टिव्ह मेटासरफेसचा गाभा, बाकी सगळी सजावट.

आणि ही कल्पना काही काल-परवाची नाही. मॅनफ्रेड श्रोडर ह्यांनी १९७५ च्या सुमारास हॉलच्या भिंतींसाठी वेगवेगळ्या खोलीच्या खाचांचे डिफ्यूझर (आवाज विखरणारे पॅनेल) सुचवले, स्टुडिओत मागच्या भिंतीवर लाकडी कप्प्यांसारखं जे दिसतं ना, तेच. त्यातला एक छोटा प्रकार सात खाचांचा, खोलीचं प्रमाण ०, १, ४, २, २, ४, १. डिझाइन फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ धरली तर एक एकक म्हणजे ४.९ सेंटीमीटर आणि सगळ्यात खोल खाच जवळपास २० सेंटीमीटर. तिथे हेतू आवाज विखरायचा होता, फोकस करायचा नव्हता. पण खाचेच्या खोलीने परत येणाऱ्या लाटेचा फेज (ती चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) ठरवायचा ही युक्ती तीच. खाचांच्या खोलीचा क्रम बदलला की तेच पॅनेल विखरायच्या ऐवजी गोळा करतं. माझ्या मते श्रोडरचा डिफ्यूझर हाच पहिला व्यवहारात आलेला अकूस्टिक मेटासरफेस, फक्त तेव्हा ह्या शब्दाची फॅशन नव्हती.

२०११ मध्ये प्रकाशासाठी नानफांग यू आणि फेदेरिको कपासो ह्यांच्या गटाने फेजचा उतार देऊन लाट हवी तशी वळवायचं काम प्रसिद्ध केलं, त्यानंतर आवाजवाल्यांनीही तो धागा उचलला. २०१२ मध्ये लियांग आणि ली ह्यांनी जागा गुंडाळायची कल्पना मांडली, म्हणजे खाच सरळ खोल करण्याऐवजी आत नागमोडी वाट करायची, आवाज वाट चालत राहतो आणि बाहेरून जाडी मात्र कमीच राहते. ड्यूक युनिव्हर्सिटीत स्टीव्हन कमर ह्यांच्या गटाने असल्या नागमोडी वाटांचे आरपार जाणारे पॅनेल केले. आणि २०१७ मध्ये जानलुका मेमोली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १६ प्रकारच्या ठरावीक विटा प्रिंट करून ठेवल्या की त्या नुसत्या जागा बदलून लावून ४० किलोहर्ट्झची लाट फोकस करता येते, वळवता येते. प्रत्येक वेळी नवीन डिझाइन नको, विटांचा संच पुरतो. हे काम मला त्यातलं सगळ्यात व्यवहारी वाटतं.

आता ह्या सगळ्याचा तोटा. आपण जी पूर्ण पूर्ण वेव्हलेंग्थ वजा केली ती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीचीच होती. फ्रिक्वेन्सी बदलली की ती वजाबाकी चुकते. पॅनेलवर जितक्या वेळा असं वजा केलंय तितका चालणारा पट्टा अरुंद. शिवाय फोकस सरकतो, फ्रिक्वेन्सी १० टक्के वाढली तर फोकस साधारण १० टक्के लांब जातो. बोलण्यात ३०० पासून ३४०० हर्ट्झपर्यंत सगळं असतं, म्हणजे दहा पटीहून मोठा पट्टा, तिथे असलं पॅनेल प्रत्येक सूर वेगळ्या ठिकाणी टाकणार. नागमोडी वाटांचं दुखणं आणखी वेगळं. हवा भिंतीला चिकटून घासते, हा घासण्याचा थर १ किलोहर्ट्झला साधारण ०.०७ मिलिमीटर असतो आणि ४० किलोहर्ट्झला ०.०१ मिलिमीटरच्या आसपास. दिसायला नगण्य, पण वाट लांब आणि मिलिमीटरभर रुंद असेल, वर प्रिंटचा पृष्ठभाग खरखरीत असेल, तर आवाज बाहेर येईपर्यंत दमून जातो. सिम्युलेशनमध्ये लोक हवा घर्षणाशिवाय धरतात आणि मग प्रिंट आल्यावर विचारतात की आवाज गेला कुठे.

तर ज्याला ऐकू येणाऱ्या आवाजासाठी रुंद पट्टा हवाय आणि जाडीची अडचण नाहीये त्याने डिशच घ्यावी, ह्यात मला तरी शंका नाही. मेटासरफेस तिथे, जिथे एकच फ्रिक्वेन्सी आहे, जागा कमी आहे, किंवा साध्या बिंदूपेक्षा वेगळा काहीतरी आकार हवाय, दोन फोकस, वळलेला झोत वगैरे. (टीव्हीची जुनी डिश वापरणार असाल तर भरीव पत्र्याची बघा, जाळीची नको. रेडिओ लाटेला जाळी भिंतीसारखी वाटते, आवाज तिच्यातून खुशाल निघून जातो.)

आता तुमच्याकडे प्रिंटर आहेच तर ४० किलोहर्ट्झचं काम करून बघा, ह्यात शिकायला खूप आहे आणि खर्चही फार नाही. रिव्हर्स पार्किंग सेन्सरमध्ये असतात तसल्याच जातीचे ४० किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर (विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणाऱ्या डब्या) सुट्टे मिळतात, १० किंवा १६ मिलिमीटर व्यासाचे. असिएर मार्झो ह्यांचा टायनीलेव्ह हा थर्मोकोलचे मणी हवेत तरंगवणारा प्रकार असल्याच ७२ ट्रान्सड्यूसरवर चालतो. हवेत प्लॅस्टिक कुठलंही घ्या, हवेच्या मानाने ते इतकं जड आणि कडक असतं की आवाजाला सगळं सारखंच, दोन मिलिमीटर जाडी पुरे.

सुरुवात झोन प्लेटने करा. ही म्हणजे नुसती गोल कड्यांची चकती, काही कडी उघडी काही बंद. कड्यांच्या त्रिज्या काढायच्या अशा: कड्याचा क्रमांक गुणिले वेव्हलेंग्थ गुणिले फोकल लेंग्थ, त्यात क्रमांकाचा वर्ग गुणिले वेव्हलेंग्थच्या वर्गाचा चौथा हिस्सा मिळवा, आणि सगळ्याचं वर्गमूळ. ४० किलोहर्ट्झ आणि १० सेंटीमीटर फोकसला त्रिज्या येतात २९.६, ४२.४, ५२.४, ६१.१, ६९.० आणि ७६.३ मिलिमीटर. मधली २९.६ पर्यंतची जागा उघडी, पुढचं कडं बंद, पुढचं उघडं, असं करत शेवटचं बंद. व्यास झाला १५.३ सेंटीमीटर, तुमच्या बेडवर आरामात बसतो. कडी एकमेकांना धरून ठेवायला बारीक आरे द्या, दोन-तीन मिलिमीटर रुंदीचे आरे फोकस फारसा बिघडवत नाहीत. तीन उघडी कडी, प्रत्येकाचा वाटा साधारण दुप्पट, म्हणजे कागदावर सहा पट, साडेपंधरा डीबी. बाहेरची कडी तिरक्या कोनातून बघतात म्हणून त्यांचा वाटा कमी पडतो, प्रत्यक्षात १०-१२ डीबी मिळाले तरी खूश व्हा. फोकसचा ठिपका एका वेव्हलेंग्थच्या आसपास रुंद आणि दोनेक सेंटीमीटर लांब, तांदळाच्या दाण्यासारखा उभट असतो.

झोन प्लेट अर्धा आवाज अडवूनच टाकते, ती उधळपट्टी टाळायची तर वर सांगितलेलं कमी-जास्त खोल खाचांचं पॅनेल. त्यात खोलीच्या किती पायऱ्या ठेवायच्या हे लोक फार ताणतात. दोनच पायऱ्या ठेवल्या तर आदर्शाच्या ४०.५ टक्के ऊर्जा फोकसवर येते, चार ठेवल्या तर ८१ टक्के, आठ ठेवल्या तर ९५. चारवरून आठवर गेलं की मिळतात जेमतेम ०.७ डीबी. चार पायऱ्या करा आणि गप बसा. ४० किलोहर्ट्झच्या रिफ्लेक्टरला त्या होतात ०, १.०७, २.१५ आणि ३.२२ मिलिमीटर, मध्यभागी सगळ्यात खोल, बाहेर जाताना उथळ, मग उडी मारून परत खोल. ०.२ मिलिमीटरचा लेअर चुकला तरी फेज साधारण १७ अंशच चुकतो, त्याने काही बिघडत नाही. एकेक घर मात्र अर्ध्या वेव्हलेंग्थपेक्षा, म्हणजे ४.३ मिलिमीटरपेक्षा रुंद ठेवू नका, नाहीतर भलत्याच दिशेला भुताटकीचे जादा झोत निघतात.

इथे बहुतेक जणांचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. वरचं सगळं गणित आवाज फार लांबून, सपाट लाट होऊन येतोय असं धरून आहे, आणि टेबलावर ट्रान्सड्यूसर असतो हातभर अंतरावर. साध्या भिंगाचाच नियम लागू होतो. १० सेंटीमीटर फोकसच्या प्लेटसमोर ५० सेंटीमीटरवर ट्रान्सड्यूसर ठेवला तर फोकस पडतो १२.५ सेंटीमीटरवर. २० वर ठेवला तर २० वर. आणि १० वर ठेवला तर फोकस होतच नाही, सरळ झोत निघतो. मग माणूस १० सेंटीमीटरवर मायक्रोफोन धरून बसतो आणि म्हणतो प्लेट बिघडली. एकतर हे अंतर हिशोबात धरून मायक्रोफोन सरकवा, नाहीतर डिझाइनमध्येच स्रोताचं अंतर घाला.

मोजताना दोन गोष्टी. साध्या मायक्रोफोनला ४० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, दुसरा ट्रान्सड्यूसरच रिसीव्हर म्हणून ऑसिलोस्कोपला (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) जोडा. पण त्याचं तोंड ठिपक्याहून मोठं, तो आजूबाजूचं सगळं मिळून सरासरी दाखवतो, म्हणून त्याच्यावर मधोमध दोन मिलिमीटर भोक पाडलेली टोपी बसवा. सिग्नल कमी होईल, होऊ दे. दुसरं, सतत सूर सोडून मोजू नका. प्लेट आणि ट्रान्सड्यूसर ह्यांच्यात आवाज मागे-पुढे आदळत राहतो आणि प्लेट दोन मिलिमीटर हलवली की आकडा नाचायला लागतो, तुम्हाला वाटतं गेन बदलला. दहाएक आवर्तनांचा छोटा तुकडा सोडा, तो पाव मिलिसेकंदाचा, हवेत साडेआठ सेंटीमीटर लांब, आणि स्कोपवर पहिला आलेला तुकडाच वाचा. त्याच जागी प्लेट काढून परत वाचा. दोघांचं गुणोत्तर तोच खरा गेन, बाकी काही धरू नका. आणि बरेच ट्रान्सड्यूसर एकत्र लावून फोकस केलात तर त्या ठिपक्याशी कान नेऊ नका, ऐकू येत नाही म्हणजे प्रेशर नाही असं नसतं.

तापमानाची काळजी लोक उगाच करतात. दर अंशाला वेग ०.६ मीटरने बदलतो, १० अंश बदलले तरी पावणेदोन टक्के, १० सेंटीमीटरच्या फोकसला ते पावणेदोन मिलिमीटर होतात आणि ठिपकाच दोन सेंटीमीटर लांब आहे.

वेव्हलेंग्थपेक्षा बारीक फोकस करता येतो असंही वाचलं असेल. येतो, पण फोकस करण्याची जागा रेझोनेटरच्या (ठरावीक सुराला घुमणाऱ्या पोकळीच्या) अगदी लगत असावी लागते. फिंक आणि लेरोसे ह्यांच्या गटाने २०११ मध्ये सोड्याचे रिकामे कॅन सात बाय सात मांडून वेव्हलेंग्थच्या छोट्याशा अंशाएवढा ठिपका कॅनच्या तोंडाशी मिळवला होता. अमेरिकेत मेरिलँडमध्ये २०१४ साली मेटामटेरियल वापरून आवाज सेन्सरपर्यंत पोहोचायच्या आधीच त्याचं प्रेशर २० डीबीहून जास्त वाढवून दाखवलं. हे सगळं खरं आहे. फक्त फायदा त्या रचनेच्या आत किंवा अगदी तोंडाशी मिळतो आणि एकेका फ्रिक्वेन्सीला मिळतो, त्यामुळे सेन्सरसाठी ते सोनं आहे पण चार हात लांब बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

विजेचं पटकन उरकतो. ९० डीबी म्हणजे चांगलाच कानठळ्या बसवणारा गोंगाट. त्यात एका चौरस मीटरवर येणारी पूर्ण ऊर्जा किती, तर १ मिलिवॉट. अख्खी गोळा केली, एक थेंबही सांडला नाही तरी. तुमच्या १५ सेंटीमीटरच्या पॅनेलवर तर त्याचा पन्नासावा-साठावा हिस्सा. १०० डीबीला दहापट धरा. एखादा सेन्सर अधूनमधून जागा करण्यापुरतं कदाचित, मोबाइल चार्जिंग वगैरे नाही.

उलट, तयार ऊर्जा एका जागी नेऊन आपटायची असेल तर फोकस करणाऱ्या सरफेसला तोड नाही, आणि त्याचं सगळ्यात भारी उदाहरण दवाखान्यातलं आहे. १९८० मध्ये म्युनिकला मूतखड्याच्या पहिल्या पेशंटवर जे मशीन वापरलं त्यात धातूचा अर्धा लंबगोल होता. लंबगोलाला दोन फोकस असतात, एकात पाण्याखाली ठिणगी पाडायची, तिथून निघालेला धक्का भिंतीवर आदळून सगळा दुसऱ्या फोकसवर जमतो, आणि पेशंटला असा बसवायचा की खडा बरोबर तिथे येईल. वाटेत त्वचेवर, स्नायूत ती ऊर्जा मोठ्या क्षेत्रात पसरलेली असते म्हणून तिथे फारशी इजा होत नाही, खड्यावर मात्र शेकडो वातावरणांएवढं प्रेशर. मशीनमध्ये चाकू नाही, फक्त भूमिती.

पाण्यात मात्र हवेतली सवय सोडा. पाण्यात आवाजाचा वेग साधारण १४८० मीटर प्रति सेकंद आणि प्लॅस्टिक पाण्याला भिंतीसारखं वाटतच नाही, आवाज त्याच्यातून आरपार जातो. त्यामुळे तिथे रिफ्लेक्टर नाही, लेन्स करायची. आणि बहुतेक कडक प्लॅस्टिकमध्ये आवाज पाण्यापेक्षा जोरात पळतो, अॅक्रिलिकमध्ये जवळपास २७०० मीटर, म्हणजे काचेच्या भिंगाच्या बरोबर उलटं, फोकस करायला लेन्स मधे पातळ आणि कडेला जाड लागते. पहिल्यांदा करणारे हमखास फुगीर लेन्स प्रिंट करतात आणि आवाज पसरलेला बघून डोकं खाजवतात. (१८५२ मध्ये सोंडहाउस ह्यांनी हवेत कार्बन डायऑक्साइड भरलेल्या फुग्याने आवाज फोकस केला होता, तिथे फुगीरच बरोबर होतं कारण त्या गॅसमध्ये आवाज हवेपेक्षा हळू जातो.) २०१६ मध्ये स्टुटगार्टला काई मेल्डे, पीअर फिशर आणि सहकाऱ्यांनी ह्याच तत्त्वावर २ मेगाहर्ट्झला प्रिंट केलेल्या एका प्लेटने पाण्यात नुसता बिंदू नाही तर आख्खं चित्र उमटवलं. प्लेटची जाडी ठिकठिकाणी बदललेली, बस.

पाण्यासाठी प्रिंट करायची असेल तर रेझिनची करा. प्लॅस्टिकची तार वितळवणाऱ्या प्रिंटरवर १०० टक्के इनफिल (आतला भराव) दिला तरी रेघांच्या मधे बारीक हवा अडकून राहते, आणि पाण्यात हवेचा कण म्हणजे आवाजाला आरसाच. रेझिनची प्लेटसुद्धा पाण्यात सोडण्याआधी साबणाच्या थेंबभर पाण्याने ओली करून घ्या, खाचांमध्ये बुडबुडे बसले तर ते एकेक करून ब्रशने काढा, मगच मोजायला सुरुवात करा.